रिकामी मूठ

नीलम्मा अण्णारावांच्या परसात पाटावर पाय पसरून बसली होती आणि तिच्या नडग्यांवर पालथं पडलेलं अण्णारावांचं नातवंड गाव डोक्यावर घेत होतं. तेल चोळून झालं होतं, ऊन पाणी अंगावर पडलं होतं, आता राहिल्या होत्या मुठी. तान्ह्या पोरांच्या मुठीत कुठून कुठून कापसाचे धागे आणि लुगड्याची लव जाऊन बसते, आणि पोर मूठ काही सोडत नाही. नीलम्मा करंगळीपासून सुरुवात करायची. एकेक बोट हळूच उचलायचं, मधला मळ पुसायचा, वर एक फुंकर. हे काम घाटनांदुरात तिच्याइतकं चांगलं कुणाला जमत नव्हतं, आणि ज्या गावाला हे माहीत होतं त्याच गावानं कित्येक वर्षं तिला एकाही बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

परसाच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. शेरवानी, तुर्की टोपी, काखेत कागदांचं बोचकं आणि पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ असा एक मास्तर छापाचा माणूस उभा होता. बायका आंघोळ घालत असताना परसात यायचं नसतं एवढी अक्कल त्याला होती, म्हणून तो उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलला.

"माफ करा. अण्णाराव घरी नाहीत म्हणे. मला एवढंच विचारायचं होतं, की भीमाशंकरअप्पांच्या पत्नीची, लिंगैक्य नीलम्माबाईंची समाधी कुठे आहे? चिंचेखाली आहे असं वाचलंय."

अण्णारावांची बायको बायनाबाई पाणी ओतत होती, तिच्या हातून तांब्या सुटून दगडावर ठणकला. पोराची आई उमाबाई खाली बघू लागली. नीलम्मानं मात्र पोराची दुसरी मूठ पुसून होईपर्यंत मान वर केली नाही.

"लांब न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या म्होरंच बसलीय. पाय धुऊन या अन् दर्शन घ्या."

मास्तर एक पाऊल मागं सरकला. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता, चुकलो म्हणाला असता. ह्यानं आधी तिच्या हातांकडं बघितलं. मुठी बघायलाय, हे नीलम्मानं ओळखलं आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. अप्पाला पुरून सात वर्षं झाली होती, आता कुठं लोक विसरायला लागले होते, आणि हा मुर्दाड माणूस बोचक्यात बांधून पुन्हा तेच घेऊन आला होता.

त्याचं नाव सुंदरराव. मूळचा आष्टीचा, शिकला नगरला, म्हणजे इंग्रजाच्या हद्दीत, आणि आता मोमिनाबादेच्या सरकारी मदरशात हिशोब शिकवायचा. ते शिकवणं पोटासाठी होतं. जीव होता भीमाशंकरअप्पांच्या भुताच्या गोष्टींत. अप्पा म्हणजे नीलम्माचा नवरा. घाटनांदुरातला लिंगायत वाणी, दुकानात मीठमिरची विकायचा आणि गिऱ्हाईक नसलं की गोष्टी लिहायचा. त्या पुण्याच्या एका मासिकात छापून यायच्या. नगरला बोर्डिंगात असताना सुंदररावानं त्या पांघरुणात डोकं खुपसून वाचल्या होत्या आणि तेव्हापासून तो कामातून गेला होता. अशी भुतं मराठीत दुसऱ्या कुणी लिहिली नाहीत, असं तो सांगायचा, आणि ते खरंही असेल. त्या सगळ्या गोष्टी गोळा करून पुस्तक काढायचं हे त्याचं वेड होतं. निजामाच्या मुलखात कोण मराठी छापतो? म्हणून पुण्याच्या छापखान्याशी बोलणं केलं होतं आणि खर्चाला अण्णाराव उभे राहिले होते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव यायचं होतं.

सगळ्या गोष्टींत नावाजलेली गोष्ट एकच, 'रिकामी मूठ'. ती नीलम्माची गोष्ट.

लिंगायत माणूस गळ्यात इष्टलिंग बांधतो. बाई असो की पुरुष, जन्मापासून ते अंगावर असतं आणि मेल्यावर त्याच्या मुठीत देऊन त्याला बसता पुरतात. मग तो लिंगात मिळाला, लिंगैक्य झाला. त्याचं सुतक नाही आणि भूत तर नाहीच नाही. अप्पाचं डोकं असं तिरपागडं की त्यानं ह्यातूनही भूत काढलं. गोष्टीत एका वाण्याची बायको आपलं लिंग हरवते, भीतीनं कुणाला सांगत नाही, चांदीची डबी रिकामीच गळ्यात घालून हिंडते आणि तशीच मरते. रिकाम्या मुठीनं पुरलेल्या तिला माती ठेवून घेत नाही. ती दिवेलागणीला दुकानात येते आणि गिऱ्हाइकांच्या मुठी उघडून बघते. बायकोचं नाव नीलम्मा. गाव घाटनांदूर. दुकान, बोळ, चिंच, सगळं जसंच्या तसं. वर एक ओळ: माझी लिंगैक्य पत्नी नीलम्मा हिच्या स्मृतीस.

ही ओळ छापून आली तेव्हा लिंगैक्य पत्नी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती.

"आसं कावून लिहिलं?" तिनं विचारलं होतं.

"गोष्टीला वजन येतं," अप्पा म्हणाला होता.

वजन आलं, ते तिच्या बोडक्यावर. त्या काळी घाटनांदुरात छापील म्हणून कुणी काही पाहिलं असेल तर ते चावडीवर डकवलेलं सरकारी फर्मान. छापील म्हणजे हुकूम, त्यात खोटं असायची सोयच नव्हती. गावच्या शाळेच्या मास्तरानं पारावर ती गोष्ट वाचून दाखवली आणि गावानं मान डोलावली. नीलम्मा जिवंत दिसते हे खरं, पण सरकार म्हणतं तसं असेल. पोरं तिला बघून मुठी आवळायला लागली. बायका पाण्याला गेल्या की तिच्यापासून घागर लांब धरायला लागल्या. ओटी भरायला बोलावणं बंद झालं आणि बाळंतिणीच्या घरची दारं तर पहिल्याच दिवशी लागली. डबी उघडून दाखव, असं कुणी म्हणालं नाही. दुसऱ्याच्या लिंगाची डबी कुणी उघडायची नसते. तिनंही ती उघडली नाही, आणि का उघडली नाही ते ती आणि अप्पा ह्या दोघांनाच ठाऊक होतं.

दुपारी अण्णारावांनी तिला वाड्याच्या दारालगतच्या ढेलजेत बोलावून घेतलं. अण्णाराव गावातल्या लिंगायतांचे पुढारी. बाप होता तसेच, आवाज मोठा आणि मिशी त्याहून मोठी. सुंदरराव लोडाला टेकून बसला होता आणि समोर त्यानं कागद मांडले होते. नीलम्मा खांबाला धरून उभी राहिली.

"वहिनी, आपल्या समाजाचं नाव पुण्यापतुर जायलंय," अण्णाराव म्हणाले. "अप्पाचं पुस्तक निघायलंय. ह्या मास्तराची एक अडचण हाय, तेवढी सोडवा."

अडचण अशी होती की 'रिकामी मूठ' सुंदररावाकडं अर्धवट होती. शेवटचं पान वाळवीनं खाल्लं होतं. पुण्याला मासिकाच्या कचेरीत तो अंक नव्हता, नगरला नव्हता, कुठंच नव्हता.

"तुमच्याकडे अप्पांचे अंक असतील," सुंदरराव म्हणाला.

"व्हते."

"मग?"

"चुलीत घातले. चांगले पेटले."

सुंदररावाच्या घशातून असा आवाज निघाला, जणू त्याच्याच घरचं कुणी चुलीत घातलं होतं. नीलम्माला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, लई बरं वाटलं.

"शेवट आठवत असेल तुम्हाला," तो आवाज सावरून म्हणाला. "तेवढा सांगा. मी उतरून घेतो."

"शेवट मला तोंडपाठ हाय. त्यो सांगायचा न्हाई. अन् तुमी बी ती गोष्ट पुस्तकात घालायची न्हाई. बाकीची भुतं घाला, माझं काय म्हणणं न्हाई. तेवढी एक सोडा."

"ती सोडून पुस्तक कसलं काढायचं?" सुंदरराव उसळला. "बाई, ती गोष्ट मराठीत अमर आहे! तुमच्या एकटीच्या रागापायी वाचकांनी का उपाशी राहायचं?"

"वाचकाला जेवाया घालाया मी खानावळ काढलीय का? मास्तर, मला तीन वर्सं झाली लोक घरात घेऊन. त्याच्या आदी कुणाच्या लेकराला बोट लावू देत न्हवते. माझं सोताचं एक बी जगलं न्हाई. आता गावातली लेकरं माझ्या पायावर न्हातात, तेवढंच हाय मला. तुमचं पुस्तक आलं की ते बी जाईल."

हे ती रडून म्हणाली नाही, भांडून म्हणाली. कदाचित म्हणूनच त्या दोघांना त्याची दया आली नाही. रडणाऱ्या बाईला पुरुष पटकन पाणी देतात आणि भांडणारीला दार दाखवतात.

सुंदररावानं कागद गोळा केले. "ठीक आहे. शेवट नाही मिळाला तर मला लिहावा लागेल. अप्पांच्या धाटणीत मी लिहू शकतो. आणि सांगून ठेवतो, माझ्या शेवटात ती बाई कधीच शांत होणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती ह्या गावात मुठी उघडत फिरेल. चालेल तुम्हाला?"

नीलम्मानं अण्णारावांकडं बघितलं. अण्णाराव मिशीवरून हात फिरवत होते.

"सोमवारी देवळातून आल्यावर सगळी मंडळी हितं बसणार हायत," ते म्हणाले. "मास्तर गोष्टी वाचून दाखवणार हाय. तवा तुमी शेवट सांगायचा. न्हाई सांगितला तर ह्या घरात परत पाऊल टाकू नका. आन् मी म्हणलो की गावात दुसऱ्या कुणाच्या घरी बी कोण बोलवत न्हाई, हे तुमाला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी अण्णारावांच्या परसात गेली. बायनाबाई चुलवणापाशी उभी होती. चुलवण पेटलेलं होतं, वर हंडा वाफाळत होता, आणि बायनाबाई म्हणाली, "आज पाणी तापलं न्हाई, नीलम्मा." तिच्या मागं उमाबाई पोर घेऊन उभी होती. पोराचे दोन्ही हात तिनं दुपट्यात गच्च गुंडाळले होते. राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्या वेळी नुसतं रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून ती पाठ फिरवून तरातरा चालायला लागली.

बोळात खेळणाऱ्या पोरांमध्ये एका मोठ्या पोरीनं तिला बघून मूठ आवळली. तिचं बघून लहानग्यांनी आवळल्या. कशासाठी ते त्यांना माहीतही नव्हतं. त्यांतल्या चौघांची पहिली मूठ नीलम्मानंच उघडून पुसली होती.

रविवारभर ती घराबाहेर पडली नाही. गळ्यातली डबी हातात घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली. आता कशाला झाकायचं, असं ती मनाशी म्हणाली. ज्याच्यासाठी झाकलं त्यानं काय ठेवलं? ठरवायला तिला फार वेळ लागला नाही. खरं तर ठरवून कित्येक वर्षं झाली होती, फक्त विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.

सोमवारी अण्णारावांची ढेलज भरून गेली. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले सगळे वाणी, कुणबी पाटील, सावकार, आतल्या दाराआड बायका. सुंदरराव गोष्टी वाचत होता आणि बेट्यानं वाचलं मात्र झकास. भरदुपारी लोक खांद्यावरून मागं बघायला लागले. 'रिकामी मूठ' निघाली तसे सगळे सरसावून बसले. वाण्याची बायको दुकानात येते, दिवा फडफडतो, ती पहिल्या गिऱ्हाइकाच्या मुठीवर आपलं गार बोट ठेवते. सगळ्यांचे डोळे खांबापाशी उभ्या असलेल्या नीलम्मावर होते. वाळवीनं खाल्लेल्या जागेपर्यंत आल्यावर सुंदरराव थांबला.

"पुढे?" त्यानं विचारलं.

"म्होरं नवरा अवसेला चिंचेखाली जातो," नीलम्मा म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. "माती उकरतो. बायको बसलेलीच असती. नवरा आपल्या गळ्यातलं लिंग काढतो अन् तिच्या मुठीत ठेवतो. मूठ मिटती. बायको सुटती. नवरा तितून म्होरं जल्मभर बिनलिंगाचा राहतो, समाज त्याला वाळीत टाकतो, पर बायकोच्या मायेपायी त्यो सगळं सोसतो. झाला शेवट."

सुंदरराव भराभर लिहीत होता. त्याचे डोळे भरून आले होते. "वा!" तो म्हणाला. "काय माणूस होता!"

"सांगती ना कसा व्हता," नीलम्मा म्हणाली. "लिहा म्होरं. थांबू नका."

अण्णारावांनी हात वर केला. "झालं, वहिनी. बास."

"बास कावून? शेवट पायजे म्हणलात ना? त्यानं लिहिलेला सांगितला. आता घडलेला ऐका. लिंग माजं न्हाई हरवलं, त्याचं हरवलं. बाजारावरनं येताना वड्याला पाणी व्हतं, दोर तुटला अन् डबीसकट गेलं. कायदा काय हाय? जंगमाकडं, आपल्या गुरूकडं जायाचं, सगळ्यांम्होरं कबूल करायचं, नवं बांधून घेईपतुर अन्न खायाचं न्हाई. तवा पुढारी कोण व्हते? अण्णाराव, तुमचे वडील. त्यांनी आदल्याच साली एकाला असंच मंडळीत बसवून त्याच्या अब्रूचं खोबरं केलं व्हतं. अप्पाला भ्या वाटलं. घरी आला अन् माज्या गळ्यातलं काढून घेतलं. म्हणला, तू घरात असतीस, तुजं कोण बघतंय."

नीलम्मानं खांबावरचा हात काढला.

"मग मला एक नवी डबी आणून दिली. त्यात सुपारी घातली. रोज सकाळी आंघोळ करून मी सुपारीला भस्म लावायची, तळहातावर घेऊन बसायची. म्या जल्मात कुणाला शिवी दिली न्हाई, पर त्या सुपारीला रोज दिली. ती डबीत वाजायची. मी भवतीनं कापूस कोंबला, तरी वाजायची. वड्यावर धुणं धुताना बायकांनी ऐकलं. बायनाबाई, तूच म्हणली व्हतीस, तुजी डबी कावून खुळखुळती?"

दाराआड बांगड्या वाजल्या.

"मी ते त्याला सांगितलं. त्यो घाबरला. म्हणला, बायका डबी उघडतील, माजं नाव निघंल. त्या महिन्यात त्यानं ही गोष्ट लिहिली. मीच हरवलं म्हणून. कुणी काय बोलायच्या आदी त्यानं छापून टाकलं, अन् छापलं म्हणल्यावर तुमी सगळ्यांनी मान हालवली. मी सांगणार कुणाला? डबी उघडून दाखवावी तर आत सुपारी!"

"खोटं हाय हे!" अण्णाराव उठून उभे राहिले. त्यांची मिशी थरथरत होती. "अप्पाला पुरला तवा मी व्हतो. लिंग मुठीत दिलं त्याच्या."

"कुणी दिलं?"

अण्णाराव खाली बसले.

"मानमोडीची साथ व्हती," नीलम्मा म्हणाली. "घरटी मढी निघत व्हती. जंगमस्वामी सोता अंथरुणाला खिळलेले. तुमी नाकाला उपरणं लावून चिंचेच्या पल्याड हुभे व्हतात, अन् तितनं म्हणलात, वहिनी, तुमीच द्या. मी खड्ड्यात उतरली. त्याच्या गळ्यातली डबी उघडली. ते माजं व्हतं, मला जल्मताना बांधलेलं. माज्या गळ्यात सुपारी. दोन्ही माज्या हातात व्हतं अण्णाराव, अन् बघायला कुणी न्हवतं." तिनं गळ्यातल्या डबीवर हात ठेवला. "मी माजं घेतलं. त्याच्या मुठीत सुपारी दिली अन् वरनं बोटं दाबली. लई बरं वाटलं. आज बी वाटतं."

तिनं गळ्यातली डबी काढली, सगळ्यांसमोर उघडली आणि तळहात पुढं केला. काळंभोर लिंग होतं. डबीत कापूस नव्हता.

"पटत न्हाई त्यानं जाऊन उकरावं," ती म्हणाली. "चिंच लांब न्हाई."

अण्णारावांनी मंडळीकडं बघितलं. मंडळी जमिनीकडं बघत होती. एकजणही उठला नाही. नीलम्मानं लिंग कपाळाला लावलं, डबी मिटली, गळ्यात घातली.

सुंदररावाच्या हातातल्या टाकाचं टोक कागदावर टेकून राहिलं होतं आणि शाईचा मोठा डाग पसरला होता. पण त्याचा चेहरा उजळला होता. "हाच शेवट!" तो पुटपुटला. "ह्याच्यापुढे अप्पांचा शेवट काहीच नाही. अण्णाराव, हे असंच छापायचं. मूळ गोष्ट, आणि खाली हे."

"एक अक्षर छापलंस तर तंगडी मोडून ठेवीन!" अण्णाराव गरजले. समाजाचं नाव पुण्यापर्यंत न्यायचं होतं ते असं नव्हे. समाजाचा एवढा मोठा लेखक मुठीत सुपारी घेऊन पुरलेला, आणि पुरताना पुढारी नाकाला उपरणं लावून लांब उभे! "पुस्तक बंद. ह्या गोष्टी बी बंद. उचल तुजं बोचकं अन् मोमिनाबादेला चालता हो."

सुंदरराव कितीतरी बोलला. मराठी साहित्य, अप्पांची कीर्ती, पुण्याला दिलेला शब्द. अण्णाराव आत निघून गेले. मग त्यानं बाहेर येऊन नीलम्माला बोळात गाठलं.

"तुम्ही माझ्या पुस्तकाचा गळा दाबलात," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "बारा वर्षं मी ह्याच्यापाठी आहे. एका बाईच्या सूडापायी सगळं मातीत गेलं."

"मास्तर, पयल्या दिवशी मी म्हणली व्हती, तेवढी एक सोडा. सोडली असती तर आज बाकीच्या छापायला गेल्या असत्या. तुमाला भूत पायजे व्हतं. घावलं, तर आता रडता कावून?"

तो बोचकं काखेत मारून मोमिनाबादेच्या वाटेला लागला आणि पुन्हा घाटनांदुरात दिसला नाही.

गाव मात्र भुताशिवाय राहीना. इतकी वर्षं अंगवळणी पडलेलं भूत एकदम कसं सोडणार? ते नुसतं नीलम्माच्या अंगावरून उतरलं आणि अप्पाच्या अंगावर चढलं. दिवेलागणीनंतर चिंचेकडून जायचं लोकांनी सोडलं. अप्पा वाटेवर बसलेला असतो आणि मूठ उघडून दाखवतो, आत सुपारी, असं एका गुराख्यानं शपथेवर सांगितलं. पोरं चिंचेजवळून पळताना मुठी आवळायला लागली. नीलम्माला हे ऐकून हसू फुटलं. अप्पा असता तर ह्याचीही गोष्ट लिहिली असती, असं तिच्या मनात आलं, आणि मग त्याचा पुन्हा राग आला.

घरी तिला कुणी बोलावलं नाही. मेलेल्या नवऱ्याच्या गळ्यातून लिंग काढणारी बाई, हेही काही कमी नव्हतं. बायनाबाई वाटेत दिसली की पदर सावरून दुसरीकडं बघायची. नीलम्मा रोज सकाळी हंडाभर पाणी तापवायची, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि मग त्या पाण्यानं आपलेच पाय धुवायची.

एका सकाळी तिच्या अंगणात उमाबाई उभी राहिली. कडेवर पोर, दुसऱ्या हातात तेलाची वाटी.

"सासूबाई न्हाऊ घालतात त्याला," ती म्हणाली. "त्यांना मुठी उघडत न्हाईत. आत घाण झालीय, वास यायलाय. काकू, घालता का?"

"घरी ठावं हाय का?"

"न्हाई."

नीलम्मानं पाट घेतला, पाय पसरले आणि हात पुढं केले. पोर पायांवर पडल्याबरोबर त्यानं भोकाड पसरलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उमाबाईनं ते बघितलं. नीलम्मानं पुसलं नाही, कारण हात तेलाचे होते.

पोराच्या पाठीवर पाणी पडत होतं तेव्हा फाटकाशी अण्णाराव आले. मागं मोमिनाबादेहून आणलेले जंगमस्वामी, त्यांच्या हातात तांबड्या फडक्यात गुंडाळलेलं नवं लिंग. अण्णारावांनी आपली सून बघितली, आपला नातू बघितला, तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या कामाला आले होते ते जास्त अडलेलं होतं.

"वहिनी," ते बाहेरूनच म्हणाले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो लहान होता. "अप्पाला नीट मार्गी लावावं म्हणतो. माणसं चिंचेखाली कुदळी घेऊन हुभी हायत. माती काढतील, पर मुठीला हात लावायला कुणी तयार न्हाई. स्वामी म्हणतात घरचं माणूस पायजे. तुमी याल का? मूठ उघडायची अन् हे आत ठेवायचं, तेवढंच. तुमच्याबिगर कुणाला जमायचं न्हाई."

नीलम्मानं पोराला उताणं केलं. त्याची मूठ घट्ट होती, कडेला मळाची काळी रेघ दिसत होती.

"भाऊजी," ती मान वर न करता म्हणाली, "ज्यानं मिटली त्यानंच उघडावी म्हणाल, तर ती मीच मिटली. उघडायची न्हाई."

स्वामी खाकरले. मग दोघं बोळातून चिंचेच्या वाटेला न लागता परत घराकडं गेले.

"काकू, पाणी निवायलंय," उमाबाई हळूच म्हणाली.

नीलम्मानं पोराची करंगळी उचलली.